गणपतीला रंगवलेली भिंत दिवाळीला काळी का पडते?

पूर ओसरला की पहिले आठ दिवस चिखल उपसण्यात जातात. गाद्या रस्त्यावर येतात, भांडी धुतली जातात, पंचनाम्याची वाट पाहिली जाते, वायरमनच्या विनवण्या होतात. आणि कोकणात काय किंवा सांगली-कोल्हापुरात काय, या सगळ्याच्या पाठोपाठ गणपती दारात उभे असतात. चिपळुणात २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शिरलं. त्या वर्षी गणेश चतुर्थी होती १० सप्टेंबरला, म्हणजे मध्ये पन्नास दिवस. सांगलीत ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांपर्यंत चढली आणि २ सप्टेंबरला चतुर्थी होती. तिथे तर महिनाही मिळाला नाही.

चिखलाचे डाग असलेल्या घरात बाप्पांना कसं बसवायचं? म्हणून भिंती घासायच्या, पुट्टी भरायची, रंगाचे दोन हात मारायचे आणि घर पुन्हा घरासारखं करायचं. यामागची ओढ मला पूर्ण समजते. पण दसरा-दिवाळीच्या सुमारास त्याच भिंतीवर रंगाला फोड येतात, कपाट उघडलं की कुबट वास येतो आणि घरातल्या कुणाचा तरी खोकला जाता जात नाही. रंगारी म्हणतो पुट्टी खराब होती, दुकानदार म्हणतो रंगारी खराब होता. दोघांचं खरं असू शकतं, पण बहुतेक वेळा मूळ कारण तिसरंच असतं: भिंत सुकलेलीच नव्हती.

बुरशी येते कुठून?

ती येत नाही, ती असतेच. बुरशी बियांऐवजी बीजाणू सोडते. हे कण इतके सूक्ष्म असतात की त्यांतले बहुतेक एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान. घरातल्या हवेत, पडद्यांवर, पुस्तकांवरच्या धुळीत ते कायम पडलेले असतात. त्यांना हाकलून देता येत नाही आणि द्यायची गरजही नाही.

लोणच्याची बरणी आठवा. वर्षभर टिकणारं लोणचं एका ओल्या चमच्याने चार दिवसांत बुरसतं. चमच्याने बुरशी आणलेली नसते, त्याने पाणी आणलेलं असतं. बीजाणू रुजायला चार गोष्टी लागतात: बीजाणू स्वतः, ऊब, खाद्य आणि पाणी. पहिल्या दोन आपल्याकडे बारा महिने आहेत. खाद्य म्हणजे कागद, पुठ्ठा, लाकूड, प्लायवूड, सुती कापड, गोंद, रंगातला चिकट अंश, अगदी भिंतीवरची धूळसुद्धा. राहिलं पाणी, आणि तेवढंच आपल्या हातात असतं. वस्तू ओली राहिली तर साधारण २४ ते ४८ तासांत बीजाणू रुजायला लागतात. डोळ्याला डाग दिसायला आणखी काही दिवस जातात, पण तोवर पांढऱ्या बारीक तंतूंचं जाळं वस्तूच्या आत पसरलेलं असतं. आपल्याला दिसतो तो डाग म्हणजे झाडाचा मोहोर. मुळं आधीच धरलेली असतात.

भिंत पाणी पिते ते समईच्या वातीसारखं

समईतलं तेल वातीतून वर चढतं, कुणी ढकलत नाही. बारीक छिद्रांतून द्रव आपोआप ओढला जातो, याला केशाकर्षण म्हणतात. वीट, सिमेंटचा गिलावा आणि कोकणातला जांभा, या सगळ्यांत अशी अगणित छिद्रं असतात. म्हणून पाणी तीन फूट चढलं असेल तर ओल तीन फुटांवर थांबत नाही. पुराची रेघ जिथे दिसते त्याच्या वरपर्यंत भिंत भिजलेली असते. रेघेपर्यंतच खरवडणाऱ्यांची फसगत होते ती इथे.

सुकणं मात्र उलट्या क्रमाने होतं. आधी पृष्ठभाग सुकतो, हात लावला तर कोरडा लागतो. आतलं पाणी वाफ होऊन हळूहळू बाहेर झिरपत राहतं. बांधकामातला एक ढोबळ हिशेब असा की भिंतीची एक इंच जाडी सुकायला साधारण महिना लागतो. नऊ इंची भिंत दोन्ही बाजूंनी मोकळी असली तरी साडेचार महिने धरावे लागतात. हा हिशेब सरसकट लागू होत नाही. विटेचा प्रकार, ऊन, वारा यांवर तो बदलतो. पण पन्नास दिवसांत नऊ इंची भिंत सुकली असं मानायला काहीच आधार नाही, एवढं तरी तो सांगतो.

त्यात आपला पूर येतो तो नेमका जुलै-ऑगस्टमध्ये. हवेत जास्तीत जास्त जितकी वाफ मावू शकते त्याच्या किती टक्के वाफ आत्ता आहे, याला सापेक्ष आर्द्रता म्हणतात. कोकणात या दिवसांत ती ८५-९० टक्क्यांच्या आसपास असते. श्रावणात दोरीवर टाकलेली जीन्स तिसऱ्या दिवशीही दमट लागते, मग भिंत कशी सुकेल? हवेतच जागा नाही. खरं सुकणं सुरू होतं ते पाऊस परतल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात. म्हणजे गणपतीच्या आधी भिंत सुकवण्याची लढाई आपण अशा काळात लढतो, जेव्हा निसर्ग आपल्या बाजूने नसतो.

मग रंग लावल्याने काय बिघडतं?

ओल्या भिंतीवर पुट्टी आणि त्यावर प्लास्टिक इमल्शन किंवा ऑइल पेंट लावणं म्हणजे गरम पोळ्या डब्यात भरून झाकण लावणं. वाफ बाहेर जायला बघते आणि झाकणाला थबकते. भिंतीतली वाफ रंगाच्या पापुद्र्यामागे अडकते, फोड येतात, पोपडे सुटतात. पुट्टी आणि रंग यांच्या मधला हा दमट, अंधारा, वारा न लागणारा थर बुरशीला फार मानवतो.

आजीच्या काळातल्या घरांतही पाणी शिरायचं, तेव्हा असं होत नव्हतं, असं कुणी म्हणालं तर त्यात तथ्य आहे. मातीच्या आणि चुन्याच्या भिंती वाफ कोंडून ठेवत नाहीत. ताजा चुना अतिशय क्षारीय असतो, त्यावर बुरशी सहजी धरत नाही. दरवर्षी चुना द्यायचा रिवाज होता त्यात शोभेइतकाच हाही फायदा होता. शिवाय घरात लाकडी पेटी आणि एखादी मांडणी सोडली तर भिंतीला चिकटून काही नसायचं. आता भिंतीभर प्लायवूडची वॉर्डरोब, टीव्हीमागे पॅनेल, ओट्याखाली ट्रॉल्या आणि डोक्यावर जिप्सम बोर्डाचं फॉल्स सीलिंग. जिप्सम बोर्डाला दोन्ही बाजूंनी कागद असतो, म्हणजे बुरशीसाठी वाढून ठेवलेलं ताट.

नेमकी लपते कुठे?

जिथे वारा लागत नाही आणि जिथे आपण बघत नाही. वॉर्डरोबची मागची फळी ही पहिली जागा. समोरून सनमायका चकचकीत असतो, पण मागच्या बाजूला बहुतेक वेळा कच्चं प्लाय असतं आणि ते भिंतीला टेकलेलं असतं. माझ्या मावशीच्या घरी पुरानंतर पाच महिन्यांनी कपाट पुढे ओढलं, तेव्हा मागची फळी वरपासून खालपर्यंत काळ्या-हिरव्या मखमलीसारखी झालेली होती. पुढच्या बाजूला नेसत्या साड्या टांगलेल्या होत्या आणि कपाटात डांबरगोळ्यांचा वास एवढा होता की दुसरा वास कुणाला आलाच नाही.

तशीच दुसरी जागा ट्रॉल्यांच्या मागे आणि सिंकखाली. मग सोफ्याच्या तळाचं कापड, दिवाणाचा खण, दाराच्या चौकटीचा जमिनीजवळचा भाग, भिंतीवरच्या तसबिरींची मागची बाजू आणि फॉल्स सीलिंगची वरची बाजू. फरशीखालच्या भरावात पाणी अडकलं असेल तर स्कर्टिंगच्या रेषेवर ओल महिनोन्महिने येत राहते.

पूर न येताही हे सगळं होतं. मुंबई-पुण्याच्या इमारतींत वरच्या मजल्यावरच्या बाथरूमची गळती, डक्टमधला फुटका पाइप किंवा गच्चीचं निकामी झालेलं वॉटरप्रूफिंग वर्षभर थेंबथेंब पूर आणत असतं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरच्या भिंती आणि सामाईक पाइप यांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने व्हायची असते, आणि सदनिकेच्या आतली सदस्याने करायची. भांडण्याआधी गळती यांपैकी कुठल्या जागेची आहे ते प्लंबरकडून ठरवून घ्यावं, म्हणजे निम्मा वाद तिथेच संपतो.

आहे की नाही, कसं ओळखायचं?

सगळ्यात चांगलं यंत्र नाक. फक्त ते लवकर सरावतं, म्हणून दोन-तीन दिवस बाहेर राहून परत आल्यावर दार उघडताच पहिला श्वास कसा येतो त्याकडे लक्ष द्या, किंवा बाहेरून आलेल्या माणसाला स्पष्ट विचारा. बुरसट, ओल्या मातीसारखा वास असेल तर डाग दिसत नसला तरी बुरशी आहे असं धरून शोधायला लागा.

भिंतीवर दिसणारं प्रत्येक पांढरं बुरशी नसते. विटेतले क्षार पाण्याबरोबर बाहेर येऊन मिठासारखी पूड जमते, त्याला खार फुटणं म्हणतात. त्यावर पाण्याचा थेंब टाका. खार विरघळतो, बुरशी विरघळत नाही. खार तब्येतीला घातक नसतो, पण भिंतीतून अजून पाणी येतंय याचा तो पुरावा असतो. बाहेरच्या भिंतीवरचं हिरवं शेवाळ ही तिसरीच गोष्ट. त्याला उजेड लागतो, बुरशीला लागत नाही.

भिंत आतून ओली आहे का हे बघायला घरगुती परीक्षा आहे. दीड-दोन फुटांचा जाड, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा घ्या, भिंतीला सपाट लावून चारी कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा आणि दोन दिवस थांबा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतली वाफ गार पृष्ठभागावर धरते आहे, जशी थंड पाण्याच्या पेल्याला बाहेरून धरते. पहिल्याचा उपाय सुकवणं आणि गळती शोधणं, दुसऱ्याचा हवा खेळती ठेवणं. शिवाय गिलाव्यावर बोटाच्या पेराने ठोकत जा. जिथे पोकळ आवाज येतो तिथे गिलावा विटेपासून सुटलेला आहे. सुताराकडे किंवा वॉटरप्रूफिंगवाल्याकडे दोन टोचण्यांचं मॉइश्चर मीटर असतं. लाकडात २० टक्क्यांच्या वर आकडा आला तर ते लाकूड अजून धोक्यात आहे.

हवेतले बीजाणू मोजून देणाऱ्या चाचण्या विकल्या जातात. त्यांवर पैसे घालवू नका असं माझं स्पष्ट मत आहे. किती बीजाणू म्हणजे धोका, याचा कुठलाही सर्वमान्य आकडा नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनेही अशी मर्यादा ठरवलेली नाही. बुरशी दिसते किंवा वास येतो, एवढं कळलं की काम सुरू करायला पुरे.

तब्येतीला खरंच काही होतं का?

इथे घाबरवणारे खूप आणि झटकून टाकणारेही खूप, म्हणून जे ठामपणे माहीत आहे तेवढंच सांगतो. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००४ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये तोवरचा सगळा अभ्यास तपासला. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत राहणं आणि खोकला, घशात घरघर, नाक चोंदणं, दम्याचा त्रास वाढणं यांचा संबंध दोन्हींत पक्का दिसला. बुरशीमुळे स्मृती जाते, फुप्फुसांतून रक्त येतं वगैरे जे पसरवलं जातं, त्याला तसा भक्कम आधार मिळालेला नाही.

आपल्याकडचा एक अभ्यास मात्र गांभीर्याने घ्यायला हवा. फुप्फुसांच्या जाळीला जखडणाऱ्या आजारांची देशभरातली नोंद २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात १,०८४ रुग्ण होते आणि त्यांतल्या सुमारे ४७ टक्क्यांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस, म्हणजे श्वासातून सतत आत जाणाऱ्या कणांविरुद्ध शरीराने फुप्फुसातच सुरू केलेली लढाई, हा आजार निघाला. त्यांतल्या जवळपास निम्म्या लोकांच्या घरी पाण्याचे एअर कूलर होते. कूलरच्या कायम ओल्या जाळ्या ही बुरशीची आवडती जागा आहे. ही भिंतीची गोष्ट नाही, पण घरात सतत ओलं राहणारं काहीही किती दूरवर पोहोचू शकतं ते यातून कळतं. दोन-तीन आठवडे कोरडा खोकला आणि जिना चढताना धाप असेल तर डॉक्टरांना घरातल्या ओलीबद्दल आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

लहान मुलं, दमेकरी, वयस्कर माणसं आणि केमोथेरपी किंवा स्टेरॉइड चालू असलेले रुग्ण यांना धोका जास्त. इंग्लंडमधल्या रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा गेला. बुरशी भरलेल्या घरात दीर्घकाळ राहिल्याने झालेल्या श्वसनविकाराने तो गेला, असा निष्कर्ष नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या न्यायचौकशीत निघाला. आईवडिलांनी वारंवार तक्रार केली होती आणि दोष त्यांच्याच राहणीमानावर ढकलला गेला होता. त्या मुलाच्या नावाने तिथे आता कायदा आहे. कमी भाड्याने घरं देणाऱ्या सामाजिक गृहसंस्थांना ओल आणि बुरशीच्या तक्रारींवर ठरलेल्या मुदतीत हालचाल करावी लागते. आपल्याकडचा भाडेकरू मात्र आजही “तुम्ही घरात कपडे वाळत घालता” हेच ऐकून घेतो.

ही ती कोविडमधली काळी बुरशी तर नाही?

नाही. हा प्रश्न २०२१ पासून प्रत्येक काळ्या डागासमोर विचारला जातो. म्युकरमायकोसिस वेगळ्या गटातल्या बुरशींमुळे होतो आणि तो मुख्यतः साखर फार वाढलेल्या किंवा स्टेरॉइडचे मोठे डोस घेतलेल्या रुग्णांना गाठतो. त्याला काळी बुरशी म्हटलं गेलं ते शरीराचा मेलेला भाग काळा पडतो म्हणून. त्या बुरशीचा स्वतःचा रंग काळा नसतो. भिंतीवर काळ्या दिसणाऱ्या बुरशीचे तर कितीतरी प्रकार आहेत. रंग बघून कुठली जास्त विषारी हे सांगता येत नाही आणि शोधत बसायची गरजही नाही, कारण सगळ्यांना काढायचंच असतं. मधुमेह आटोक्यात नसलेल्या माणसाने मात्र बुरशी काढायचं काम स्वतः करू नये.

ब्लीचने पुसलं की झालं ना?

पुरानंतर घरोघरी ब्लीचिंग पावडर येते म्हणून हा उपाय सगळ्यांना हाताशी वाटतो. टाइल, काच, स्टील यांवर त्याचा उपयोग होतो. गिलावा, प्लाय, जिप्सम बोर्ड अशा सच्छिद्र वस्तूंवर ब्लीच वरचा रंग उडवतं. आतले तंतू तसेच राहतात आणि ब्लीचमधल्या पाण्याने भिंत पुन्हा भिजते. डाग गेला म्हणून आपण निर्धास्त होतो, तेच जास्त वाईट. शिवाय मेलेल्या बुरशीचे कणही ॲलर्जी देतात, म्हणून तिला मारण्यापेक्षा खरवडून घराबाहेर काढणं महत्त्वाचं. आणि ब्लीच संडास साफ करायच्या ॲसिडबरोबर किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबर कधीही मिसळू नका. बंद बाथरूममध्ये तयार होणारा विषारी वायू जीव घेऊ शकतो.

मग गणपतीपर्यंत काय आणि नंतर काय?

पहिले दोन दिवस सोन्याच्या मोलाचे. कपाटं भिंतीपासून ओढा, मागच्या फळ्या काढून टाका, ट्रॉल्या बाहेर घ्या. कापसाची गादी, उशा, फोमचा सोफा, भिजलेलं जिप्सम बोर्ड आणि फुगलेलं पार्टिकल बोर्ड वाचवायच्या फंदात पडू नका. नुकसान झालेल्या घरात हे सांगणं जड जातं, पण ही गादी तुम्हाला पुन्हा महागात पडते. आधी फोटो काढा, पंचनाम्याला आणि विम्याला लागतात. सागवानी लाकूड, स्टील आणि प्लास्टिक धुऊन सुकवता येतं. सातबारा, दाखले, जुनी पत्रं भिजली असतील आणि लगेच सुकवणं जमत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवा. गोठवलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि तुम्हाला पुढे सवडीने एकेक पान सुकवता येतं.

पुराच्या रेघेच्या फूट-दीड फूट वरपर्यंत रंग आणि पुट्टी खरवडा. पोकळ वाजणारा गिलावा पाडून वीट उघडी करा. पंखे लावा, पण जिथे बुरशी दिसते तिथे आधी ती काढा, नाहीतर पंखा बीजाणू घरभर पसरवेल. खरवडताना पृष्ठभाग पाण्याने किंचित दमट ठेवा म्हणजे धूळ उडत नाही. कोविडमध्ये घेतलेला एन-९५ मास्क आणि रबरी हातमोजे वापरा, डोळ्यांना चष्मा लावा. डाग तीन फूट बाय तीन फुटांहून मोठा असेल तर माहीतगार माणूस बोलवा.

खिडक्यांचं गणित थोडं वेगळं आहे. पावसाची उघडीप असेल तेव्हा सगळं सताड उघडा. मुसळधार चालू असताना उघड्या खिडकीतून ओलीच हवा आत येते. तेव्हा खिडक्या बंद करून एसी ड्राय मोडवर चालवा किंवा ओल शोषणारं यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर, मिळत असेल तर लावा. एसी खूप गार करू नका, गार भिंतीवर पुन्हा वाफ धरते. खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांखाली आणायची असते आणि ती दाखवणारं छोटं यंत्र काही शे रुपयांत मिळतं.

आणि गणपती? खरवडलेल्या भिंतीला चुना द्या. पुट्टी नाही, प्लास्टिक पेंट नाही, फक्त चुना. थोडा निळसर हवा असेल तर त्यात नीळ टाका. घर स्वच्छ, पांढरं दिसतं, सुगंधी उदबत्तीआड ओल लपवावी लागत नाही आणि भिंत दीड-दोन महिने आणखी श्वास घेत राहते. मखर भिंतीपासून हातभर पुढे मांडा. ऑक्टोबरची उन्हं पडली की प्लास्टिकच्या तुकड्याची परीक्षा घ्या, प्रत्येक भिंतीला, जमिनीपासून फूटभर उंचीवर, आणि शेजारी खडूने तारीख लिहून ठेवा. थेंब आले तर पंधरा दिवसांनी परत. दोनदा लागोपाठ कोरडं निघालं, की मग रंगाऱ्याला बोलवा.